भांडण मजल्यांवरून, हातचा जातो तळमजला

बांधकामाभोवती पत्रे ठोकले गेले की परिसरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपला जाग येते. किती मजली आहे, पाणी पुरणार का, आमच्या गॅलरीतलं ऊन जाणार का, एवढ्या गाड्या उभ्या कुठे राहणार. संध्याकाळपर्यंत कोणीतरी शेजारच्या कायमच्या बंद झालेल्या शटरचा फोटो टाकतं आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागते. 'आपला एरिया आता आपला राहिला नाही' हे वाक्य त्या रांगेत कुठेतरी असतंच. मग एखादा तरुण भाडेकरू दबकत लिहितो, "पण घरं तर हवीतच ना?" त्यानंतर त्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते विचारू नका.

यात खोटं कोणीच बोलत नसतं. ऊन खरोखर जातं. धूळ खरोखर दोन-तीन वर्षं खावी लागते. आणि घरंही खरोखर हवी असतात. माझं म्हणणं वेगळंच आहे. आपण भांडतो वरच्या मजल्यांवरून आणि हळहळतो ते रस्त्यालगतच्या दुकानांसाठी. इमारत दहा मजली झाली काय आणि चौदा मजली झाली काय, खालून चालणाऱ्याच्या रोजच्या आयुष्यात त्या चार मजल्यांनी फारसा फरक पडत नाही. तळमजल्यावर काय आलं, त्याने मात्र सगळाच फरक पडतो. आणि तळमजल्याबद्दल हरकत नोंदवणारा माणूस मला नव्या बांधकामांवरच्या जाहीर सुनावण्यांमध्ये जवळजवळ भेटलेलाच नाही.

पत्र्यांवर चिकटवलेलं ते रंगीत चित्र कधी नीट पाहिलंय का? आकाश निळंशार, एकही वायर नाही, झाडं वीस वर्षांची वाटावीत अशी डेरेदार. आणि तळमजल्याला पिवळसर उजेडाची काचेची दुकानं, त्यांच्या समोर बाकांवर गप्पा मारत बसलेली अर्धपारदर्शक माणसं. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'दुकान' लिहिलेलं असतं किंवा काहीच नसतं. हे चित्र बघून आपण मजले मोजतो आणि पुढे जातो. इमारत उभी राहिल्यावर त्याच जागी काय असतं? एका टोकाला गाड्यांच्या रॅम्पचं तोंड. त्याला लागून ट्रान्सफॉर्मरची खोली, लोखंडी झडपांचं दार, त्यावर धोक्याची कवटी. मग मीटरची खोली, पंपाची खोली, सुरक्षारक्षकाची केबिन, इमारतीच्या नावाची ग्रॅनाइटची भिंत. उरलेल्या जागेत एकच मोठा गाळा, त्याला एकच दार, आणि काचेवर आतून चिकटवलेला अपारदर्शक स्टिकर. चालताना त्या सगळ्या लांबीत बघण्यासारखं काही नाही, थांबण्यासारखं तर नाहीच. बाकांवरची ती अर्धपारदर्शक माणसं तेवढी पूर्ण पारदर्शक झालेली असतात.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी रस्त्यावरची माणसं मोजण्यात उभी हयात घालवली. त्यांचा हिशेब साधा आहे. गाळे पाच-सहा मीटर रुंदीचे असतील तर शंभर मीटरमध्ये पंधरा ते वीस दारं येतात. नेहमीच्या चालीने निघालात तर दर पाच सेकंदांनी डोळ्यांसमोर काहीतरी नवीन येतं. तुम्हाला आवडणारा कुठलाही रस्ता आठवा आणि त्याची दारं मोजा, आकडा याच्या आसपास निघतो की नाही बघा. आता त्याच शंभर मीटरमध्ये तीन दारं ठेवा. वर सुंदर घरं असोत, कितीही चांगले शेजारी राहायला येवोत, रस्ता मेला.

हे बिल्डरच्या दुष्टपणाने होतं असं समजणं सोपं आहे. बहुतेक वेळा दुष्टपणाची गरजच पडत नाही. खाली गाड्या लावायच्या असतात, म्हणून खांब गाड्यांच्या मापाने उभे राहतात आणि दुकानांचे गाळे खांबांच्या मापाने पडतात. तळमजल्याची उंची वाचवली की वर एखादा मजला बसतो, म्हणून छत खाली येतं. धूर बाहेर काढायला गच्चीपर्यंत नळकांडं ठेवलेलं नसतं, म्हणून त्या गाळ्यात उद्या कोणाला खानावळ काढायची म्हटलं तरी काढता येत नाही. माल उतरवायला मागचं दार नसतं. हे सगळं कागदावर ठरतं, पत्रे लागायच्याही आधी. दुकानं आल्यावर आपण त्यांच्या पाट्यांवर टीका करत बसतो, म्हणजे वरातीमागून घोडं.

पाट्यांवरून आठवलं, हल्ली सगळ्या नव्या दुकानांच्या पाट्या काळ्या आणि अक्षरं बारीक पांढरी का असतात, हे मला खरंच कोणीतरी समजावून सांगा. लांबून वाचता येऊ नये अशी अट आहे का?

असो. घोडं खरं पेंड खातं ते भाड्यापाशी. जेन जेकब्ज या न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहायच्या आणि शहर-नियोजकांशी भांडायच्या. नियोजनाची पदवी वगैरे काही नव्हती. त्यांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलं होतं की वस्तीत जुन्या इमारती मिसळलेल्या हव्यात, आणि कारण दिलं होतं ते पैशाचं. नव्या बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागतो. ते भाडं परवडतं भरपूर नफ्याच्या धंद्याला, नाहीतर मागे मोठी कंपनी असलेल्याला. किल्ल्या बनवणारा, घड्याळ दुरुस्त करणारा, जुनी पुस्तकं विकणारा, पहिल्यांदाच दुकान टाकणारा, या सगळ्यांना झिजलेल्या, बांधकामाचा खर्च फेडून झालेल्या, थोड्या कळकट जागा लागतात. म्हणजे आपण 'जुन्या इमारती वाचवा' म्हणतो तेव्हा आपल्याला हवं असतं ते त्यातलं स्वस्त भाडं. नक्षीदार कठडे वाचले आणि भाडं तिप्पट झालं, तर किल्लीवाला गेलाच. उलट, साध्या ठोकळ्यासारख्या इमारतीत लहान गाळे असतील आणि करार लांबीचा असेल, तर तो टिकूनही जातो.

आणि मालकाला साखळी दुकान, म्हणजे मोठ्या कंपनीच्या अनेक शाखांपैकी एक, का आवडतं? नुसतं भाडं जास्त मिळतं म्हणून नाही. इमारतीवर कर्ज असतं आणि कर्ज देणाऱ्याला मोठ्या कंपनीची सही असलेला दहा-पंधरा वर्षांचा भाडेकरार दाखवला की त्याचं समाधान होतं. एकट्या दुकानदाराची सही तिथे फिकी पडते. त्यातही उफराटा प्रकार म्हणजे रिकामे गाळे. लोक विचारतात, दोन वर्षं गाळा पडून आहे, भाडं कमी करून देऊन का टाकत नाही? कारण इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून काढतात. एक गाळा कमी भाड्याने दिला की कागदावर अख्खी इमारत उतरते आणि कर्जाचं गणित बिघडतं. काचेला वर्तमानपत्रं चिकटवून गाळा रिकामा ठेवला, तर कागदावर तरी भाडं चढं राहतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०२० मध्ये यावर कर बसवायला मंजुरी दिली. ठरावीक बाजार-रस्त्यांवर वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस गाळा रिकामा ठेवला तर रस्त्याकडेच्या दर्शनी लांबीवर, फुटाच्या हिशेबाने कर. जागेच्या क्षेत्रफळावर न लावता दर्शनी लांबीवर लावला, हे मला फार आवडलं. नुकसान रस्त्याचं होतं, तर मोजमापही रस्त्याच्या बाजूनेच.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे हरकती घेणाऱ्यांबद्दल. बोस्टन विद्यापीठाच्या तीन अभ्यासकांनी बोस्टनच्या आसपासच्या ९७ गावा-शहरांमधल्या जाहीर सुनावण्यांची इतिवृत्तं चाळली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. बोलायला उठलेल्यांमध्ये नव्या घरबांधणीच्या बाजूने बोलणारे साधारण पंधरा टक्केच. बोलणारे सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयाने मोठे, पुरुष जास्त, जुने रहिवासी जास्त आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे जास्त. याचा अर्थ ते चुकीचं बोलत होते असा होत नाही. पण 'सगळ्या रहिवाशांचा विरोध आहे' असं आपण निवेदनात ठोकून देतो तेव्हा त्या 'सगळ्यां'मध्ये कोण कोण बसलेलं नाही याचा विचार करावा. ज्याला अजून त्या इमारतीत घर मिळालेलं नाही तो सुनावणीला कसा येणार? आणि दुकानदार? तो सुनावणीच्या वेळी गल्ल्यावर असतो. ज्याच्या नावाने आपण गळा काढतो तोच त्या खोलीत नसतो.

नव्या इमारतीमुळे आजूबाजूची घरभाडी वाढतात ही तक्रारही नेहमीची. ती तपासायला हवी. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या मोठ्या नव्या भाड्याच्या इमारतींचा ॲस्क्विथ, मास्ट आणि रीड या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. त्यात इमारतीच्या अगदी जवळची भाडी, थोड्या लांबच्या भाड्यांच्या तुलनेत, साधारण सहा टक्क्यांनी कमी निघाली. पैसेवाले येणारच असतात. नवी इमारत नसली तर ते जुन्या घरांवर बोली लावतात. हा निष्कर्ष जगातल्या प्रत्येक गल्लीला चिकटवू नये, पण 'इमारत थांबवली की भाडी थांबतील' हे त्याहून कच्चं आहे. मात्र हे सगळं घरांचं झालं. दुकानाच्या भाड्याचं काय, हा हिशेब त्यात नाही. नवे, जास्त खर्च करणारे रहिवासी आले की वरच्या भाडेकरूला कदाचित फायदा होईल आणि खालच्या दुकानदाराचा मालक त्याच वेळी भाडं वाढवेल. एकाच इमारतीत दोन उलट्या गोष्टी घडू शकतात. म्हणून 'बांधकामाच्या बाजूने की विरोधात' असं कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, वरच्या की खालच्या?

'सवय होईल हो, लोकांना सुरुवातीला सगळंच नको असतं' असं म्हणणारेही भेटतात. त्यांचा हुकमी एक्का आयफेल टॉवर. १८८७ मध्ये पॅरिसच्या नामवंत लेखक-कलावंतांनी त्याच्याविरुद्ध वर्तमानपत्रात निषेध छापला होता आणि आज बघा. बघितलं. पण न्यूयॉर्कचं पेन हे रेल्वे स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, त्याआधी तिथेही लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही, आणि दोनच वर्षांत त्या शहराला वारसा-वास्तू जपण्याचा कायदा करावा लागला. तेव्हा विरोध हा केवळ सवयीचा प्रश्न असतो, हे काही खरं नाही. कशाला विरोध, ते बघावं लागतं.

तळमजला वाचवायचे उपाय आहेत, आणि ते हवेतले नाहीत. पॅरिसने २००४ पासून आपल्या निमसरकारी कंपनीमार्फत ठरावीक भागांतले तळमजल्याचे गाळे विकत घ्यायला सुरुवात केली. मोक्याचा गाळा विकायला निघाला की पहिला हक्क शहराचा. मग तो छोट्या व्यावसायिकाला भाड्याने. शिवाय काही रस्त्यांवर दुकानाच्या जागी दुकान किंवा कारागिरीच पाहिजे, तिथे कार्यालय किंवा घर करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जगभरात अकरा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी दुकानाला वस्तीतल्या बाजार-रस्त्यांवर यायचं तर वेगळी परवानगी आणि जाहीर सुनावणी. याने परवानगीचा घोळ वाढतो आणि गाळे जास्त काळ रिकामे राहतात असा आक्षेप आहे, आणि मला तो पटतो. त्याच शहराची दुसरी योजना मला जास्त शहाणपणाची वाटते. २०१५ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या निधीतून तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांना मदत मिळते आणि त्यांना किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकालाही मिळते. मालकाला शिव्या घालण्यापेक्षा त्याला लांब करार परवडेल असं करणं. न्यूयॉर्कमध्ये तर १९४५ ते १९६३ व्यापारी जागांवरही भाडेनियंत्रण होतं. आज तिथे ते परत आणा म्हणणाऱ्याकडे लोक वेड्यासारखं बघतात, पण होतं.

तेव्हा पुढची सुनावणी लागेल तेव्हा मजल्यांवर बोलाच, मी अडवत नाही. पण त्याआधी तळमजल्याचा नकाशा मागा. गाळे किती आणि प्रत्येकाची रुंदी किती. दारं रस्त्याकडे उघडतात की आतल्या लॉबीत. ट्रान्सफॉर्मर आणि मीटर मागच्या किंवा बाजूच्या अंगाला ढकलता येतात का. छताची उंची, धुराची नळी. पाडायच्या इमारतीत आज जे दुकानदार आहेत त्यांना परत जागा मिळणार का, कुठल्या भाड्याने, आणि मधली दोन-तीन वर्षं त्यांनी कुठे बसायचं. शेवटचा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. दोन वर्षं बंद राहिलेल्या दुकानाचं गिऱ्हाईक परत येत नाही, त्यामुळे 'परत जागा देऊ' हे आश्वासन पर्यायी जागेशिवाय पोकळ असतं.

खाली कमेंटमध्ये 'आणि पार्किंगचं काय?' येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. प्रत्येक इमारतीला अमुक इतकी पार्किंग असलीच पाहिजे या सक्तीची खरी किंमत किती, हे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे डोनाल्ड शूप आयुष्यभर मोजत राहिले. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ती सक्ती शहरभर काढून टाकली. गाड्या लावूच नका असं मी म्हणत नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या रॅम्पचं तोंड साधारण सहा मीटर रुंद असतं, म्हणजे गेलसाहेबांच्या हिशेबातला बरोबर एक गाळा. दुसरा रॅम्प मागितलात की दुसरा गाळा. तेव्हा कमेंट लिहिताना किती गाड्या हव्यात त्यासोबत कुठलं दुकान त्या जागी नको, तेही लिहा.