धारेआधी जोड बघा

प्रदर्शनात घडीचा चाकू घेताना कागद कापून धार बघा, असा सल्ला एका लेखात वाचला. पण त्याआधी पातं आणि मूठ यांचा जोड बघा. धार काय, घरी दगडावर लावता येते. ढिला जोड मात्र घरी नीट होत नाही. पातं पूर्ण उघडा, टोकाजवळ धरून डावी-उजवीकडे हलवा. जोडाचा खिळा सैल असेल तर लगेच कळतं. मग मिटवून वरून बघा, पातं मधोमध बसतंय की एका बाजूला घासतंय. पाठीला स्प्रिंग असलेला चाकू उघडून उजेडाकडे धरा, पातं आणि स्प्रिंगमध्ये फट दिसली तर ठेवून द्या.

ओपिनेल या लाकडी मुठीच्या फ्रेंच घडीच्या चाकूला स्प्रिंगच नाही, पातं जागेवर अडकवणारी फिरणारी कडी आहे (1955 पासून). त्यातल्या आठ नंबरच्या मापाचं साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं फळांना एक नंबर. पण पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं अडकतं. नखाने ओढत बसू नका; कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. गंजणाऱ्या कार्बन पोलादाचं पातं घेतलंत तर जालन्याची मोसंबी कापली की लगेच पुसा, नाहीतर काळे डाग ठरलेले. तेल खोबरेल लावा. आपल्याकडे घरात करडईचं असतं, पण ते वाळून चिकट होतं आणि जोड जाम करतं.

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा 91 मिलिमीटरवाला (मिटलेल्या चाकूची लांबी) खिशातला चाकू सहसा गंजत नाही, पोलाद जरा मऊ, म्हणून धार वरचेवर लावावी लागते. त्याच्या पात्याला लॉक नसतं, तेव्हा टोकाने भोकं पाडायला वापरू नका, बोटावर मिटतं.