सुचित्रा की वैजयंती? आधी रिमोट इकडे द्या

जुन्या सिनेमांचं वेड आहे असा एकदा बोभाटा झाला की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सत्यनारायणाला, कुठेही एक प्रश्न माझ्या पानात वाढला जातो. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या ‘देवदास’मध्ये उजवी कोण, देवदासची बालमैत्रीण पारो झालेली सुचित्रा सेन की कोठ्यावरची नर्तकी चंद्रमुखी झालेली वैजयंतीमाला? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. ते त्याच्याकडे चाळीस वर्षांपासून तयार असतं, त्याला फक्त साक्षीदार हवा असतो. तिसरा कोणीतरी तेवढ्यात जिलबी तोडत म्हणतो, “पण मधुबालापुढे दोघी काहीच नाहीत हो.” मधुबाला या सिनेमात नाही. तिला बाहेर काढण्यात पहिली दहा मिनिटं जातात.

मग ठरतं की घरी बसून सिनेमा बघू आणि सोक्षमोक्ष लावू. खरा छळ इथून सुरू होतो. “वैजयंती जरा जाडच वाटते, नाही?” असं वाक्य पाचव्या मिनिटाला आलं तर अभिनेत्रीकडे बघू नका, टीव्हीकडे बघा. त्या काळच्या चित्राची चौकट साधारण ४:३, आजचा टीव्ही १६:९. पडदा कडेपासून कडेपर्यंत भरलेला दिसतोय आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या नाहीत, याचा अर्थ चित्र आडवं ताणलंय. प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद झालाय. सुचित्राचा लांबट चेहरा हा ताण थोडाफार सोसतो. वैजयंतीमालाचा मुळात भरलेला चेहरा थेट पुरणपोळीच्या वाटेने जातो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सौंदर्याचा निकाल परवा हप्त्याने घेतलेला टीव्ही लावत असतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. कपाळावरचा टिळा बघा. गोल दिसला तर ठीक. आडवा, अंड्यासारखा दिसला तर रिमोट घ्या आणि पिक्चर साइजमध्ये जाऊन ४:३ करा. ‘झूम’ करू नका. झूममध्ये चेहरा सरळ राहतो, पण चित्राची पाव उंची वरून-खालून छाटली जाते. म्हणजे चंद्रमुखीचा नाच चाललेला असतो आणि तिचे पाय शोकेसच्या पातळीखाली गेलेले असतात. भरतनाट्यमच्या तालमीत वाढलेल्या बाईला कमरेपर्यंत बघून गुण द्यायचे, हा काय न्याय झाला? तिथेच आत कुठेतरी हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग दडलेलं असतं, तेही बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या सिनेमात टीव्ही आपल्या मनाच्या चौकटी घुसवतो आणि देवदास रात्री साडेआठच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. एवढं सगळं केल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि घरातून आवाज येतो, “एवढा मोठा टीव्ही काय अर्धा काळा बघायला आणला?”

बरं, आता तुलना.

पहिली गोष्ट म्हणजे दोघींची शर्यत एका रेषेवरून सुरूच होत नाही. पारोच्या खात्यात आधीपासून शिल्लक आहे. सिनेमाच्या सुरुवातीला आपण छोट्या पारोला बघतो. ती बेबी नाझने केलीय आणि काय केलीय! ती पोर देवूसाठी मार खाते, रडते, वाट बघत बसते. सुचित्रा पडद्यावर येते तेव्हा तिने अजून काहीही केलेलं नसतं आणि प्रेक्षक तिचा झालेला असतो. चंद्रमुखीला बालपण नाही. ती थेट कोठ्यावर भेटते, नायकाला ती नकोशी वाटते, तो पैसे टाकून तिरस्काराने निघून जातो. शून्यातूनसुद्धा नाही, उणे दहापासून तिला सुरुवात करायची आहे. गुण देताना हा हिशेब कोणी धरत नाही.

उलट बाजूचाही हिशेब आहे. गाणी मोजा. सचिनदेव बर्मन यांचं संगीत, साहिरचे शब्द, आणि पारोच्या ओठांवर एकही गाणं नाही! ‘आन मिलो श्याम सांवरे’ गातात ते गावातून फिरणारे गायक, म्हणजे गीता दत्त आणि मन्ना डे. देवदासला तलत महमूदचा आवाज मिळालाय. ‘जिसे तू कुबूल कर ले’, ‘अब आगे तेरी मर्जी’ ही लताबाईंची गाणी चंद्रमुखीकडे. हिंदी सिनेमात नायिकेला गाणं न देणं म्हणजे सुगरणीला मीठ न देणं. त्यात सुचित्राचा हा पहिलाच हिंदी सिनेमा. तिच्या उच्चारांना बंगाली वळण आहे म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. अहो, गोष्टच बंगालच्या खेड्यातली आहे! राजिंदरसिंह बेदींच्या झोकदार संवादांत तिचा तो किंचित गोल उच्चार मला तरी गावाकडचा वारा वाटतो.

दिसण्याचं म्हणाल तर छायालेखक कमल बोस, आणि बिमलदा स्वतः मूळचे कॅमेरामन. गायक-नट सैगलचा १९३६ चा हिंदी ‘देवदास’ त्यांनीच चित्रित केला होता. चेहऱ्यावर उजेड कुठून टाकायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. सुचित्राचा चेहरा पाऊण वळलेला असताना बघा. ती मान जिथे धरते तिथेच ठेवते आणि मग नुसते डोळे फिरवते. मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत येते त्या प्रसंगात ती भीक मागायला आलीय, पण मान भीक मागणाऱ्याची नाही. याचना आणि तोरा एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. सौंदर्याचं माप माझ्याकडून तिला. मधुबालावाल्यांनी गप्प बसावं.

अभिनयात मात्र मी पक्ष बदलतो, आणि पंगतीत मार खायची वेळ येते ती इथेच. वैजयंतीमाला त्या वेळी ‘नागिन’ सिनेमाच्या यशावर आरूढ झालेली. लोक तिचे पाय बघायला येत होते. या भूमिकेत तिला अर्ध्या वाटेवर नाच सोडून द्यायचा आहे. सराईत नर्तकीला नाचायला सांगणं सोपं; न नाचता उभं राहायला सांगा, मग कळतं. दागिने उतरल्यानंतरचे तिचे हात बघा. आधी प्रत्येक बोट काहीतरी सांगत असतं. नंतर तेच हात पदराशी येऊन थांबतात, जणू त्यांना काम उरलेलं नाही. समोर देवदास झालेला दिलीपकुमार आहे, आवाज न चढवता अख्खा प्रसंग खिशात घालणारा माणूस. त्याच्यासमोर ती ऐकण्याचा अभिनय करते, आणि तो सगळ्यात अवघड.

या भूमिकेसाठी फिल्मफेअरने तिला सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक दिलं आणि बाईंनी ते घेतलंच नाही. माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, सहायक कसली, असा त्यांचा मुद्दा. आगाऊपणा म्हणणारे म्हणोत. मला तो चोख हिशेब वाटतो.

आणि दोघी समोरासमोर? सिनेमा जिच्यावर बेतलाय त्या शरदबाबूंच्या (शरदचंद्र चट्टोपाध्याय) कादंबरीत त्या एकमेकींना भेटतच नाहीत. २००२ च्या ‘देवदास’मध्ये आपली माधुरी आणि ऐश्वर्या हातात हात घालून ‘डोला रे’ नाचल्या, ती भन्साळींची हौस. बिमलदांनी मधला मार्ग काढला. रस्ता आहे. पालखीतून पारो चाललीय, समोरून पायी चंद्रमुखी येतेय. ओळख नाही, संवाद नाही, नुसतं पार्श्वसंगीत. नजरा भेटतात, पालखी पुढे जाते. बस्स! तुलना करायची तर या काही सेकंदांत करा, कारण इथे दोघींकडे एकच भांडवल आहे, डोळे. इथे मात्र मला कोणालाच गुण देता येत नाहीत. पालखीतलीला बघावं तर रस्त्यावरचीचं निसटतं, आणि उलट.

घरात हा प्रसंग पूर्ण बघितला जात नाही. संवाद नाहीत म्हटल्यावर “आता काही नाहीये ना?” म्हणत कोणीतरी चहा टाकायला उठतं आणि नेमकं टीव्हीसमोरून जातं. मागे घ्या म्हटलं की रिमोट सोफ्याच्या फटीत. तो काढताना कुठलं तरी बटण दाबलं जातं. आता पालखी पुन्हा येतेय, चांगली ट्रकएवढी रुंद, आणि पारोच्या कपाळावर आडवं अंडं.

“बघ,” मामा म्हणतात, “सुचित्रापण जाडच आहे की.”