देवराईतली ‘म्हातारी’ झाडं: त्या मेसेजला उत्तर

कोकणातल्या गावागावांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. देवराईतली झाडं म्हातारी झाली, आतून पोकळ आहेत; ती विकून देवळाचा जीर्णोद्धार करा, एकाच्या जागी पाच रोपं लावा. खोडाला धुमारे येतातच, वीस वर्षांत राई पुन्हा उभी. देवस्थानची झाडं, परवानगीही नको.

पोकळ म्हणजे मरायला टेकलेलं, हे साफ चूक. खोडाच्या गाभ्याचं लाकूड निर्जीवच असतं. पाणी वर चढतं ते सालीलगतच्या थरातून. म्हणून गाभा वाळवीने खाल्लेला बेहडासुद्धा दरसाल पालवतो, फळतो. आणि मोल आहे ते त्या ढोलीलाच. ककणेराला, म्हणजे धनेशाला, ढोली कोरता येत नाही, आयतीच लागते. मादी आत शिरून तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिथून उंबरं, वडाची फळं भरवतो. आत असताना तिची उडायची पिसं झडलेली असतात. नेमकी उन्हाळ्यात, तोडीच्या हंगामात. झाड पडलं की मादी आणि पिल्लं आतच संपतात.

झाड खरंच धोक्याचं आहे का, हे बुंध्याशी पाहावं: नव्याने कललंय का, मुळांकडची माती उचललीय का, बुरशीचे कान फुटलेत का. देवळावर आलेली वाळकी फांदी उतरवून बहुतेकदा काम भागतं.

पाच रोपांचा हिशेब करू. छातीच्या उंचीला चार मीटर घेराच्या एका झाडाच्या खोडाचा छेद म्हणजे वीस सेंटिमीटर घेराच्या चारशे झाडांचा छेद. ‘जुनं झाड वाढत नाही’ हेही खरं नाही. ४०३ जातींच्या झाडांचा जगभरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकी दरसाल लाकडाची भर जास्त, असंच दिसलं.

धुमारे किंजळीला, ऐनाला येतात, हे कबूल. पण त्यातून उभं राहतं ते काटकुळ्या खोडांचं रान. राईतल्या रानजायफळासारख्या झाडाचं बी वाळलं की रुजत नाही. त्याला सावली हवी, ओल हवी. छत उघडलं की रानमोडीचं तण घुसतं आणि जांभ्यावरची वीतभर माती पावसात ओढ्याला लागते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल, म्हणजे या झाडांचं पाणथळ जंगल, राईच्या आसऱ्याने टिकलीय, तीही जेमतेम अडीच हेक्टर.

‘दोन-चारच तोडू’ म्हणणाऱ्यांनी वर पाहावं. गारंबीचे वेल शेंड्याशेंड्यांत गुंतलेले असतात; एक झाड पडताना शेजारच्यांच्या फांद्या, कधी अख्खी झाडं ओढून नेतं. मग ओंडके काढायला जेसीबीचा रस्ता.

राहिली परवानगी. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा देवस्थानाला मोकळं सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार मालकी कुणाचीही असो, शब्दाच्या रूढ अर्थाने जे जंगल, ते वनच. ट्रस्टचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, आणि ठेकेदाराने दिलेला इसार तर नव्हेच.