अ‍ॅनफिल्ड ‘पहिल्या दिवसापासून लिव्हरपूलचंच’ नव्हतं

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. अ‍ॅनफिल्ड हे मैदान लिव्हरपूल क्लबसाठी बांधलं गेलं, तिथला संघ पहिल्यापासून लाल जर्सीत खेळला, तिथल्या एका टोकाच्या प्रेक्षक-उताराला ‘कॉप’ हे नाव ब्रिटिश सैन्याच्या विजयावरून पडलं, प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे कॉपवर उभं राहणं बंद करावं लागलं, आणि क्लबनं हे मैदान सोडायचा विचारही कधी केला नाही. या पाचपैकी एकही विधान खरं नाही.

अ‍ॅनफिल्डवरचा पहिला सामना 28 सप्टेंबर 1884 रोजी झाला आणि तो खेळला त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबनं, अर्ल्सटाउनविरुद्ध. एव्हर्टन 5-0 असा जिंकला. 1891 मध्ये एव्हर्टननं आपलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं तेही इथंच खेळताना. मग भाड्यावरून बिनसलं. जागेचे मालक जॉन हाउल्डिंग बिअरच्या धंद्यातले. काही वर्षांत भाडं दुपटीहून अधिक झालं, तेव्हा एव्हर्टनच्या सभासदांनी 1892 मध्ये बाडबिस्तरा उचलून गुडिसन पार्क गाठलं. हाउल्डिंग यांच्या हाती मैदान उरलं, पण संघ नव्हता. म्हणून त्यांनी नवा संघ उभा केला, तोच लिव्हरपूल. म्हणजे मैदान आधीचं, क्लब नंतरचा.

लाल रंगाचंही तेच. सुरुवातीची चार वर्षं लिव्हरपूलचे खेळाडू निळ्या-पांढऱ्या जर्सीत उतरत. लाल रंग आला 1896 मध्ये.

कॉपबद्दलचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. स्पिऑन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतली टेकडी. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात ती जिंकायला गेलेल्या ब्रिटिश फौजेचा तिथं दारुण पराभव झाला. दोनशेहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्यांत लँकाशायरच्या पलटणींतले पुष्कळ होते, आणि लिव्हरपूल तेव्हा लँकाशायरमध्येच मोडत असे. 1906 मध्ये मैदानाच्या एका टोकाला प्रेक्षकांसाठी उंच उतार उभा राहिला, तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकानं त्याला हे नाव सुचवलं. त्यात विजयाचा उन्माद नव्हता, आपल्या माणसांचं स्मरण होतं. शिवाय हे नाव अ‍ॅनफिल्डनं शोधलेलंही नाही. आर्सेनलच्या जुन्या मैदानावरच्या उतारासाठी ते त्याआधीच वापरलं गेलं होतं.

त्या टेकडीशी आपलंही नातं आहे. गांधीजींच्या पुढाकारानं उभं राहिलेलं सुमारे 1,100 हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक याच युद्धात होतं आणि स्पिऑन कॉपच्या जखमींना त्यांनी डोलीतून वाहून नेलं. त्यांत बहुसंख्य गिरमिटिये मजूर होते. कॉपचा अभिमान मिरवणाऱ्या भारतीय चाहत्यांना हे ठाऊक असायलाच हवं.

आता हुल्लडबाजीचा आरोप. हा नुसता चुकीचा नाही, क्रूर आहे. 15 एप्रिल 1989 ची चेंगराचेंगरीची दुर्घटना अ‍ॅनफिल्डवर नव्हे, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर घडली. तिच्यात लिव्हरपूलचे 97 चाहते मृत्युमुखी पडले. त्यांतल्या शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू 2021 मध्ये झाला. दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी 1989 च्याच अंतरिम अहवालात पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे मुख्य कारण सांगितलं. 2016 मध्ये चौकशीतल्या ज्युरीनं तर प्रेक्षकांच्या वागण्याचा यात काहीही वाटा नव्हता, असा स्पष्ट निर्णय दिला. टेलर अहवालानंतर बड्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसायला आसनं देणं सक्तीचं झालं, म्हणून 30 एप्रिल 1994 रोजी नॉर्विचविरुद्ध उभ्या कॉपचा शेवटचा सामना झाला. ही शिक्षा नव्हती, सुरक्षेची तरतूद होती. हुल्लडबाजीचं खोटं पुढे ढकलणारा प्रत्येक जण मृतांच्या घरच्यांची जखम पुन्हा उघडतो.

मैदान न सोडण्याचा दावा तर अगदी अलीकडच्या बातम्यांतही टिकत नाही. शेजारच्या स्टॅन्ली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायची योजना दहाएक वर्षं चालली होती. 2012 मध्ये ती बाजूला ठेवून आहे तेच मैदान वाढवायचं ठरलं. 2016 मध्ये नवा मेन स्टँड खुला झाला, नंतर अ‍ॅनफिल्ड रोड स्टँड वाढला आणि क्षमता 61,000 च्या घरात गेली. या वाढीची किंमत शेजाऱ्यांनी मोजली. मैदानालगतच्या लोथेअर रोडवरची घरं क्लबनं विकत घेऊन वर्षानुवर्षं रिकामी ठेवली, आसपासची वस्ती खचत गेली आणि मेन स्टँडसाठी अखेर ती घरं पाडली गेली.