आधी विचारा, मग हात लावा

माझ्या एका सहकारी मैत्रिणीला जन्मापासून दिसत नाही. आमची नुकतीच ओळख झाली होती तेव्हाची गोष्ट. रस्ता ओलांडायचा होता, म्हणून मी मोठ्या मायेने तिचा दंड धरला आणि तिला पुढे घालून चालू लागले. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "अगं, तू मला पुढे ढकलतेस तेव्हा खड्डा आधी माझ्या पायाला कळतो. त्यापेक्षा मी तुझा कोपर धरते. तू नेहमीसारखी चाल."

तेव्हापासून आम्ही तशाच चालतो. ती माझ्या कोपराच्या जरा वर धरते आणि अर्धं पाऊल मागे असते. मी थांबले की तिला हाताला कळतं. पायरी चढले की माझा हात वर जातो, उतरले की खाली. वाट अरुंद असली की मी तो हात पाठीमागे नेते आणि ती सरळ माझ्या मागे येते. तिची पांढरी काठी तिच्या दुसऱ्या हातात असते, आणि त्या काठीला तिला न विचारता कुणी हात लावायचा नाही. शिकायला दोन मिनिटं पुरली. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दया करायला मात्र सगळ्यांनी शिकवलं होतं.

दुसरा प्रसंग एका सत्कार समारंभातला. माझा मित्र व्हीलचेअर वापरतो. स्टेजला चार पायऱ्या होत्या. चार जणांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. नंतर तो म्हणाला, "वर जाताना माझा जीव मुठीत होता. टाळ्या नक्की कशासाठी होत्या?" मला उत्तर देता आलं नाही.

रॅम्प करणं म्हणजे फळी टाकणं नव्हे, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून उभा असला तर स्वतःच्या हातांनी खुर्ची चढवताना दमछाक होते आणि ती मागे घसरू शकते. म्हणजे त्या चार पायऱ्यांना, दोन फूट उंची धरली तर, चोवीस फुटांचा रॅम्प लागला असता. जागा नव्हती, मान्य. पण मग सगळ्यांचेच सत्कार खाली, स्टेजसमोर करता आले असते ना! कुणाला सुचलं नाही, कारण त्याला कुणी आधी विचारलंच नव्हतं.

त्याचे पाय चालत नाहीत ही शरीराची गोष्ट झाली. तो स्टेजवर जाऊ शकत नाही ही पायऱ्यांची. हा फरक १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी ठामपणे मांडला, आणि पुढे माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने त्याला 'सामाजिक प्रारूप' हे नाव दिलं. १३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करारही हेच सांगतो की, अपंगत्व व्यक्ती आणि तिच्या वाटेतले अडथळे यांच्यातून घडतं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. ज्याचं अंग रात्रंदिवस दुखतं त्याचं दुखणं रॅम्पने जात नाही. त्याला आराम हवा, औषध हवं, आणि 'दिसायला तर ठणठणीत दिसतोस' हे ऐकावं लागू नये.

न विचारण्याची सगळ्यात मोठी किंमत बहुधा बधिरांनी मोजली. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठरवलं की मुलांना तोंडी बोलण्यातूनच शिकवायचं, आणि अनेक देशांतल्या शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे ती! या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या व्यासपीठावरून खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. आणि आपण अजून सर्रास 'मूकबधिर' म्हणतो. बहुतेक बधिरांना आवाज असतो, आणि हातांनी बोलणारा माणूस मुका कसा?

शब्दांवरून कमेंटमध्ये वाद होणार हे मला माहीत आहे. माझी मैत्रीण म्हणते, मला सरळ अंध म्हण. मित्राला 'दिव्यांग' हा शब्द सहन होत नाही, आणखी एकाला तोच आवडतो. ज्याचा त्याला विचारावा. 'डोळे फुटले का', 'बहिरा आहेस का', 'लंगडी सबब' मात्र मी बोलण्यातून काढून टाकलंय. तिच्यासमोर एकदा तोंडातून निघून गेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एक. मग आपल्या ओळखीत इतके कमी का? मागच्या महिन्यात आम्ही काही जणांनी एक छोटा कार्यक्रम ठेवला, तेव्हा निमंत्रणात मी एक ओळ घातली: 'येण्यासाठी, बसण्यासाठी, ऐकण्यासाठी तुम्हाला कोणती सोय लागेल?' तीन उत्तरं आली. एकाला भाषण लिखित स्वरूपात हवं होतं. एकीला दाराजवळची खुर्ची, कारण गर्दीत तिला श्वास कोंडल्यासारखं होतं. तिसरं उत्तर दहा वर्षांपासून माझी मैत्रीण असलेल्या एकीचं होतं: 'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. वक्ता माझ्या उजवीकडे येईल अशी जागा ठेवशील?'

दहा वर्षं मी तिच्या डावीकडे बसून गप्पा मारत आले होते.