12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्यूएल पंपाच्या (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप) लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दुपारी पुन्हा एकदा नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंपाचा कपलर (वायरींचा जोड) काढून मीटर लावला, 12.4 व्होल्ट आले, म्हणजे वायरिंग ठीक आणि पंप गेला. त्यापुढे शोधत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा वेळ आणि पैसा वाया घालवणं. शिवाय 21 वॅटचा बल्ब लावून तपासा असं मी लिहिलंय, त्याने एखाद्याचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळेल. वीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस वेळ काढून एवढं लिहितो, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं मला पटत नाही.

आधी बल्बचं, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. बल्ब कुठे लावायचा ते मी लिहिलं, कुठे लावायचा नाही ते लिहायला हवं होतं. रिले म्हणजे ईसीएमच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या 30 आणि 87 या पिनांमधून पंपाचा करंट जातो. तिथे चार-पाच अँपिअर एरवीही वाहतात, त्यामुळे बल्ब खुशाल लावावा. पण 85 आणि 86 म्हणजे रिलेची कॉइल, जी तो स्विच ओढते. बहुतेक गाड्यांत तिच्या एका टोकाला ईसीएम आतून अर्थ, म्हणजे मायनस, देतो. कॉइल ओढते पाव अँपिअरपेक्षाही कमी, आणि ईसीएमचं आतलं सर्किट त्याच बेताचं असतं. त्या वायरीवर 21 वॅटचा बल्ब लावला की पावणेदोन अँपिअर मागितले जातात, आणि एवढ्याने ईसीएम खरंच निकामी होऊ शकतो. कॉइलच्या बाजूला एलईडीचा टेस्ट लॅम्प किंवा मीटरच वापरायचा. लेखात आज ही दुरुस्ती केली आहे. तुम्ही लिहिलं नसतं तर ती राहून गेली असती.

आता 12.4 व्होल्टचं. हे मात्र मला मान्य नाही, आणि का ते एका गाडीवरून सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक पेट्रोल हॅचबॅक आली. तक्रार अशी की सपाटीला गाडी चांगली चालते, आंबा घाट चढताना पिकअप जातो, झटके देते आणि वळणावर बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मालक बायको-मुलीसह भर पावसात वळणावर अडकले होते आणि मागे ट्रकची रांग. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात पंप बदलून झाला होता. तेव्हा गाडी पंधरा दिवस नीट चालली आणि मग मूळपदावर आली. स्कॅनरला दोषाचा एकही कोड नाही. कोड नसण्यात नवल नाही, कारण अनेक गाड्यांत ईसीएम रिलेच्या कॉइलवरच लक्ष ठेवतो. रिलेपासून पुढे पंपापर्यंत काय पोचतं हे त्याला कळतच नाही.

मागची सीट उचलली, कपलर काढला, मीटर लावला. 12.3 व्होल्ट. तुमच्या पद्धतीने इथेच दुसऱ्यांदा पंप बदलला गेला असता. मी कपलर परत जोडला, रिलेच्या जागी 15 अँपिअरचा फ्यूज असलेली वायर 30 आणि 87 मध्ये टाकून पंप सलग चालू ठेवला आणि कपलरच्या मागून बारीक पिन घालून पंपाच्या दोन टोकांवर मोजलं. 9.1 व्होल्ट. बॅटरीवर त्याच वेळी 12.3 होते. मग 3.2 व्होल्ट गेले कुठे?

मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर: 0.3. ठीक. एक बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंपाच्या मायनसवर: 2.9. म्हणजे दोष अर्थमध्ये. ती वायर धरून गेलो तर दरवाजाच्या उंबऱ्याजवळ, गालिच्याखाली तिचा बोल्ट. गालिचा ओला, कुबट वास येणारा. बोल्टच्या रिंगणीवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळक, आणि खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. बोट लावलं तर बोल्ट चांगलाच गरम. क्लॅम्प मीटरवर करंट 5 अँपिअर होता. 2.9 गुणिले 5, म्हणजे साडेचौदा वॅट त्या एका बोल्टवर खर्च होत होते. रेझिस्टन्स काढला तर अर्धा ओहम आणि वर थोडा. ओहमच्या रेंजवर साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच 0.2-0.3 ओहम दाखवतात, त्यामुळे तिथेही हा दोष ठळक दिसत नाही.

कपलर सुटा असताना मीटर फसतो, कारण त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो. तो करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि करंट वाहिला नाही तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12.4 च दाखवणार. पंप चालू झाला की मग खरं काय ते दिसतं.

मग पंप बदलल्यावर गाडी पंधरा दिवस चालली कशी? तुम्हीही लिहिलंय की पंप बदलला आणि काम झालं. झिजलेला पंप कधी कधी जास्त करंट ओढतो आणि नवा कमी, म्हणून त्याच खराब जोडावरही व्होल्टेज कमी पडतं. शिवाय कपलर काढून घालताना पिना घासून थोड्या साफ होतात. दोष मात्र जागेवरच असतो आणि ओल वाढली की परत येतो. सात हजार रुपये गेले त्या गृहस्थांचे. मी पत्रा घासून, रिंगणी बदलून, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. मायनसची बाजू 0.08 व्होल्टवर आली.

पंप खराब असतो, नाही असं मी कधीच म्हटलं नाही. पंप जोडलेला आणि चालू करायचा प्रयत्न चालू असताना त्याच्या दोन टोकांवर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आत व्होल्टेज मिळत असेल आणि तरी तो फिरत नसेल किंवा प्रेशर देत नसेल, तर डोळे झाकून बदला. मीही बदलतो.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही बाजू मोजायला मला दहा मिनिटं लागतात. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंदच चालतो, नंतर सेल्फ मारेपर्यंत ईसीएम तो बंद ठेवतो. म्हणून वर सांगितली तशी फ्यूजवाली वायर हवी. सगळ्या काचा खाली, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधायची. पंप चालू असताना कपलर ओढायचा नाही, ठिणगी पडते. आणि ज्या गाड्यांत पंपाला वेगळं कंट्रोल मॉड्यूल असून ते वेग कमी-जास्त करतं, तिथे अशी वायर टाकून पंप डायरेक्ट चालवू नका. त्या गाड्यांचा सर्किट डायग्रॅम समोर असल्याशिवाय मी हात लावत नाही.

तुम्ही ज्या गाडीचा उल्लेख केलाय ती पुढच्या सर्व्हिसला येईल तेव्हा पंप चालू ठेवून मायनसची बाजू एकदा मोजा, आणि काय आकडा येतो तो इथेच लिहा. 0.2 च्या आत निघाला तर त्या गाडीपुरतं तुमचं निदान बरोबर होतं असं मी लेखाखाली तुमच्या नावाने लिहीन.