भाडेकराराचा कागद केला की घर जातं? कलम ५५ वाचा

"रिकामं घर चार-सहा महिन्यांसाठी द्या, पण कागद करू नका. ११ महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही. कागद केला की १२ वर्षांनी भाडेकरू मालक होतो. पोलिसांना कळवायचीही गरज नाही." हा मेसेज खान्देशात ग्रुपा-ग्रुपांवर फिरतोय. परवा तो माझ्या आत्याकडे पोचला आणि तिनं जळगावचं घर तोंडी बोलीवर द्यायचं ठरवूनही टाकलं!

'कागद करू नका' हा यातला सगळ्यात घातक सल्ला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी मेख पुढेच आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर काय अटी ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं असल्याचं मालकानं सिद्ध करायचं. आत्या म्हणणार चार महिने, तो म्हणणार तीन वर्षं, आणि पुरावे गोळा करत फिरणार आत्या. घर वाचवायचा म्हणून दिलेला हा सल्लाच घर अडकवतो. उलट लेखी लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल, तर मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

१२ वर्षांची भीती तर निव्वळ थाप. ती मुदत मालकाचा हक्क धुडकावून ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. परवानगीनं राहून भाडं भरणाऱ्यासाठी नाही.

११ महिन्यांचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. १९०८ चा नोंदणी कायदा वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सहसा सूट देतो. पण आपल्या राज्यातलं कलम ५५ मुदत बघत नाही. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हां, तुम्ही स्वतः राहता त्या घरातली एखादी खोली पेइंग गेस्टला दिली, तर तो या कायद्याच्या 'लायसन्सी'त, म्हणजे अशा करारावर राहणाऱ्यांत, मोडत नाही. आत्याचं घर मात्र कुलूपबंद आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर भाडेकरूंची माहिती द्या असा आदेश निघालेला असताना ती लपवणं गुन्हा आहे. अजिंठा बघायला आलेला परदेशी पाहुणा उतरवलात, तर २४ तासांत त्याची माहिती प्रशासनाला कळवावी लागते, घर खासगी असलं तरी.

करार आता घरबसल्या, आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदवता येतो. आत्याचा मी या आठवड्यातच करून देतोय.